मॉरिशसचा अनुकूल ऋतू : प्रवाशाचा आणि रहिवाशाचा

उष्णकटिबंधातील बेटावर कोणत्या ऋतूत जावे, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः मासिक सरासरींचे कोष्टक पाहून दिले जाते. महिनाभर राहून परतणाऱ्या प्रवाशास तेवढे पुरते. जो तेथे कायमचे बिऱ्हाड नेऊ इच्छितो त्याला मात्र ते पुरत नाही, किंबहुना कित्येकदा दिशाभूल करणारे ठरते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मॉरिशसच्या उदाहरणावरून त्याची छाननी करू.

मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेस जितकी दूर, जवळजवळ तितकेच हे बेट दक्षिणेस आहे. साहजिकच ऋतू उलटे येतात. नोव्हेंबर ते एप्रिल हा उन्हाळा आणि तोच पावसाळाही होय. मे ते ऑक्टोबर हा हिवाळा. उन्हाळ्याचे सरासरी तापमान सुमारे २४.७ अंश सेल्सिअस, तर हिवाळ्याचे २०.४ अंश. अंतर अवघे चार अंशांचे असल्याने केवळ तापमानावरून ऋतू निवडणे व्यर्थ आहे. खरा भेद पावसाचा. वर्षाकाठी बेटावर सरासरी सुमारे २००० मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील दोन-तृतीयांश उन्हाळ्यात येतो. ऑक्टोबर हा सर्वांत कोरडा महिना. त्या सुमारास आग्नेयेकडून वाहणाऱ्या व्यापारी वाऱ्यांचा हिवाळी जोर ओसरू लागतो, हवेत दमटपणा फारसा नसतो आणि समुद्रही हळूहळू ऊबदार होऊ लागतो. प्रवाशास ऑक्टोबर सुचवला जातो तो योग्यच आहे.

परंतु ही सरासरी बेटावरील नेमक्या कोणत्या ठिकाणाची? आग्नेयेचे वारे मध्य पठारावर चढताना बाष्प सांडतात. सुमारे ५५० मीटर उंचीवरील क्यूरपीपच्या परिसरात वर्षाला ४००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पश्चिम किनारा पर्जन्यछायेत असल्याने तेथे जेमतेम ९००. दोहोंतील अंतर मोटारीने तासाभराचे आहे. ज्या जुलैत पश्चिम किनाऱ्यावर निरभ्र ऊन असते त्याच जुलैत पठारावर झिमझिम व धुके असते आणि लोक लोकरीचे कपडे घालतात. येथे ऋतू निवडणे हे बऱ्याच अंशी जागा निवडणेच होय.

सरासरीत न दिसणारी दुसरी गोष्ट म्हणजे चक्रीवादळ. कित्येक वर्षे एकही मोठे वादळ बेटावर येत नाही. मग १९६० सालच्या जानेवारीत ‘ॲलिक्स’ येते आणि फेब्रुवारीअखेर ‘कॅरोल’ येऊन पत्र्याची, लाकडाची व गवताची हजारो घरे भुईसपाट करते. पुढे काँक्रीटची घरे सर्वत्र दिसू लागली, त्यामागे हा अनुभव आहे. वादळांचा काळही कॅलेंडरात चोख बसत नाही. एकोणिसाव्या शतकात चार्ल्स मेल्ड्रम यांनी या बेटावरून हिंदी महासागरातील वादळांचा चिकाटीने अभ्यास केला. एप्रिलचा मध्य उलटला की धोका टळला, अशी तेव्हा समजूत होती. २९ एप्रिल १८९२ रोजी आलेल्या वादळाने सुमारे बाराशे लोकांचा बळी घेतला. (जाता जाता, ‘पॉल आणि व्हर्जिनी’ या प्रसिद्ध फ्रेंच कादंबरीत सँ-जेराँ हे जहाज डिसेंबरातील वादळात फुटते. प्रत्यक्षात ते १७४४ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे हिवाळ्यात, खडकावर आदळले होते. कादंबरीकाराने सोयीचा ऋतू निवडला!) शिवाय पुरासाठी वादळच हवे असेही नाही. ३० मार्च २०१३ रोजी केवळ काही तासांच्या पावसाने पोर्ट लुईत अकरा माणसे मृत्युमुखी पडली.

कायम राहणाऱ्यांनी या प्रश्नाला पूर्वी कसे तोंड दिले, हे अधिक उद्बोधक आहे. १८६६ ते १८६८ या काळात हिवतापाच्या साथीने पोर्ट लुई व किनारपट्टीत हजारो लोक दगावले. तापाचे मूळ डासांत आहे हे कोणासच ठाऊक नव्हते. किनाऱ्यावर मरण आहे व पठारावर ते कमी आहे, इतके मात्र दिसत होते. १८६५ मध्ये पठारावरून लोहमार्ग सुरू झालेला होताच. ऐपत असलेली कुटुंबे क्यूरपीपकडे सरकली आणि कामापुरती राजधानीत उतरू लागली. त्यांनी अनुकूल महिना शोधला नाही, उंची शोधली; मोबदल्यात बारमाही ओल पत्करली. ज्यांना हे परवडणारे नव्हते, त्यांत उसाच्या मळ्यांवर करारबद्ध होऊन आलेले भारतीय मजूर पुष्कळ होते. त्यांचे राहण्याचे ठिकाण मळेवाल्याने ठरविलेले असे आणि कामाचे वेळापत्रक उसाने. तोडणीचा हंगाम जूनपासून वर्षअखेरीपर्यंत चाले, कारण थंड व कोरड्या हवेत उसात साखर भरते.

मुंबई बंदरातून गेलेले मराठी मजूर पश्चिमेकडील ब्लॅक रिव्हर भागात बऱ्याच संख्येने स्थिरावले. कोकणातून आलेल्यास तेथील कोरडेपणा प्रथम खटकला असणार. गणेशचतुर्थी तेथे सार्वजनिक सुटीचा दिवस आहे. पण ती येते हिवाळ्याच्या उतरणीला, आणि मूर्ती बहुधा छत्रीवाचून विसर्जनास नेता येते.

म्हणून बेट पाहावयाचे असेल तर ऑक्टोबरात जावे. घर घ्यावयाचे असेल तर जागा पाहण्यास फेब्रुवारीत जावे : पाणी कोठे साचते, ओढा कोणत्या वाटेने फुगतो, छप्पर कशाचे आहे आणि वादळाचा इशारा मिळताच शेजारी काय करतात, हे ऑक्टोबरात कोणी दाखवीत नाही.