गाडीतला गारवा गेला, तर आधी काय पाहावे?

गणपतीचे विसर्जन आटोपले, की आपल्या बेटावर उन्हाळ्याची चाहूल लागते. नोव्हेंबर ते एप्रिल या काळात उन्हात उभ्या केलेल्या गाडीची भट्टी होते. क्युरपीप, वाक्वा या उंच भागांत एक वेळ काच उघडून भागते. पण पश्चिम किनाऱ्याकडे उतरलो, की एसीवाचून म्हातारी माणसे व लहान मुले कासावीस होतात.

मागच्या जानेवारीत हा प्रसंग आमच्यावरच आला. वाक्वाहून कास्कावेलला एका पूजेसाठी निघालो होतो. मागे आमची ऐंशी वर्षांची आत्या बसली होती. अर्ध्या वाटेत एसीतून गरम वारा येऊ लागला आणि पोहोचेपर्यंत आत्याला घेरी आली. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये गेलो, तर बॉनेट उघडताच निकाल मिळाला: "कॉम्प्रेसर गेला, नवा घाला." किंमत ऐकून आम्ही गाडी परत आणली व मामांना बोलावले. मामांनी साखर कारखान्यात विजेची कामे करण्यात हयात घालवली आहे. त्यांनी दोष कसा शोधला, ते वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहोत.

प्रथम एक गोष्ट समजून घ्यावी. बहुतेक गाड्यांत कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो आणि त्याच्या पुढे विजेवर चालणारा चुंबकी क्लच असतो. इंजिन चालू असताना एसीचे बटण दाबले, की क्लचला वीज मिळते, 'टक्' असा आवाज होतो आणि क्लचची पुढची तबकडी फिरू लागते. तबकडी फिरत नसेल, तर कॉम्प्रेसर मेलाच असे नव्हे. पुष्कळदा त्याला चालण्याचा हुकूमच पोहोचलेला नसतो. तो कोठे अडला, हे क्रमाने पाहावे.

पहिला फ्यूज. तो जळला असेल, तर तेवढ्याच अँपियरचा घालावा; मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा कधीही घालू नये, त्याने आग लागू शकते. नवाही लगेच जळला, तर तार कोठेतरी घासून उघडी पडली आहे असे समजावे. दुसरा रिले. हॉर्नचा रिले तंतोतंत तसाच असेल, तर दोन्हींची अदलाबदल करून पाहावी. तिसरा दाबाचा स्विच. गॅस कमी झाला, की हा स्विच क्लचची वीज तोडतो. गॅसबरोबरच कॉम्प्रेसरचे तेल फिरत असते, म्हणून त्याच्या रक्षणासाठी ही सोय आहे. हा स्विच तारेने जोडून गाडी चालवणे म्हणजे चांगला कॉम्प्रेसर हाताने जाळणे होय.

हे सारे ठीक असेल, तर क्लचच्या जोडावर मल्टिमीटर लावावा. सुमारे १२ ते १४ व्होल्ट येत असूनही क्लच ओढत नसेल, तर त्याची गुंडाळी तुटली आहे किंवा अर्थ नीट नाही. गुंडाळीचा रोध साधारण ३ ते ५ ओहम असतो.

आणखी दोन खुणा आहेत. वारा फक्त सर्वांत जोरात येतो, कमी वेगावर येतच नाही, असे झाले तर ब्लोअरचा रेझिस्टर पाहावा. गाडी धावताना गारवा असतो आणि वाहतुकीत थांबताच जातो, तेव्हा कंडेन्सरचा पंखा फिरतो की नाही ते बघावे.

मात्र सावधगिरी हवी. बॉनेटखाली वाकताना पदर, ओढणी, टाय आवरून घ्यावा. इंजिन बंद असतानाही काही गाड्यांचा पंखा अचानक फिरू लागतो. गॅसच्या नळ्या आपण उघडू नयेत. काही नव्या गाड्यांच्या कॉम्प्रेसरला असा क्लच नसतो, त्यांचे काम जाणकारावर सोपवावे. हायब्रिड व विजेच्या गाड्यांतील नारिंगी तारांना तर हातही लावू नये. त्यांत जीवघेणा दाब असतो.

आमच्या गाडीत फ्यूज, रिले, स्विच सारे ठणठणीत निघाले. वीज क्लचपर्यंत येत होती, गुंडाळीही शाबूत होती. फक्त अर्थच्या तारेचा जोड खाऱ्या हवेने हिरवा पडला होता. मामांनी पॉलिश पेपरने तो घासला, बोल्ट आवळला आणि बटण दाबायला सांगितले. 'टक्' असा आवाज झाला. अर्ध्या तासाचे काम होते, खर्च एका कागदाचा.

सगळेच दोष इतके स्वस्त नसतात, हे आम्ही जाणतो. प्रत्येकाने हत्यारे घेऊन बसावे, असेही आमचे म्हणणे नाही. पण कॉम्प्रेसरचे पैसे मोजण्यापूर्वी मेकॅनिकला एवढे अवश्य विचारावे: "क्लचपर्यंत वीज येते का, ते मोजलेत का?" ज्याने मोजले असेल, तो आकडा सांगेल. ज्याने मोजले नसेल, त्याच्या हाती गाडी देण्याची घाई करू नये.