डायालिसिस आणि उरलेले चार दिवस

डॉ. विलेम कोल्फ यांच्या कृत्रिम मूत्रपिंडाने १९४५ साली नेदरलँड्समध्ये ज्या पहिल्या रुग्णाचे प्राण वाचविले, ती ६७ वर्षांची वृद्धा होती. ‘म्हातारपणी एवढा खटाटोप कशाला?’ असे विचारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. आपल्याकडील उदाहरण तर अधिकच बोलके आहे. १९७५ च्या नोव्हेंबरात स्थानबद्धतेतून सुटलेले जयप्रकाश नारायण मुंबईच्या जसलोक रुग्णालयात दाखल झाले ते मूत्रपिंडे निकामी होऊनच. पुढे अखेरपर्यंत डायालिसिस सुटले नाही. तरीही त्याच अवस्थेत, वयाच्या ७४ व्या वर्षी, त्यांनी १९७७ च्या निवडणुकीत विरोधकांचे नेतृत्व केले. यंत्राने श्वास चालू ठेवला. जगण्याला अर्थ दिला तो कार्याने आणि भोवतीच्या माणसांनी.

इंदिरानगरातील सेवानिवृत्त कारकुनाला हे दुसरे कोठून मिळावे? २०१६-१७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायालिसिस कार्यक्रम जाहीर झाला आणि जिल्हा रुग्णालयांतून गरिबांना ही सेवा विनामूल्य मिळू लागली, हे निःसंशय मोठे काम झाले. परंतु सरकारी हिशेब खाटेवरच्या चार तासांपाशीच थांबतो. आठवड्यातून तीनदा डायालिसिस म्हणजे रिक्षाच्या सहा खेपा, आणि अंबडच्या कारखान्यात कामाला असलेल्या मुलाचे तीन खाडे. अर्थशास्त्रात याला संधीखर्च म्हणतात. घरात त्याला नाव नसते, धुसफूस मात्र असते. उपचाराच्या दिवशी थकवा इतका येतो की म्हाताऱ्याच्या हाती आठवड्यातले चारच दिवस उरतात.

ते चार दिवस कसे जातात, हा खरा प्रश्न आहे. अमेरिकेतील शुश्रूषागृहांमधील वृद्धांची एक पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. डायालिसिस सुरू झाल्यापासून वर्षभरात शंभरातील ५८ दगावले. पूर्वीइतके हिंडणे-फिरणे टिकले ते अवघ्या १३ जणांचे. ही माणसे आधीच परावलंबी होती, हे खरे. तथापि स्नायू झिजू न देणे हाही उपचारच आहे, एवढे त्यातून उमजावे. देखरेखीखाली खाटेवरच पायांनी सायकलचे पायटे फिरविता येतात. डायालिसिस सुरू झाल्यावर प्रथिनांची गरज वाढते. पण घरात पूर्वीचेच पथ्य चालू असते आणि डाळीची वाटी ताटातून दूरच राहते! प्रत्येक केंद्रात व्यायामोपचारतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि ने-आण करणारे वाहन यांची तरतूद यंत्रांबरोबरच व्हावयास हवी.

आणि अतिवृद्ध, जर्जर रुग्णाला डायालिसिस न घेता वेदनाशमनाचे उपचार घेण्याचा मार्गही समजावून सांगितला पाहिजे. तोही त्याच्या मुलाला बाजूला नेऊन नव्हे, त्याला स्वतःला.