एदलाबादचा कागद, मुक्ताईनगरचं टेबल

पूर्व खानदेश जिल्हा, भुसावळ तालुका, एदलाबाद पेटा. मुक्ताईनगरातल्या एखाद्या जुन्या घरी पणजोबांच्या नावाचा कागद निघाला, तर त्याच्या माथ्यावर असा पत्ता सापडतो. आज यातलं काहीच त्या जमिनीला लागू नाही. 1906 मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. महाराष्ट्र झाल्यावर पूर्व खानदेशाचा जळगाव झाला. पेट्याचा, म्हणजे उपतालुक्याचा, तालुका झाला, एदलाबादचं मुक्ताईनगर झालं, अलीकडे ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली. तापी-पूर्णेचा संगम चांगदेवलाच राहिला, शेतांचे बांधही बहुतेक जागच्या जागी राहिले. कागदाचा पत्ता मात्र फिरत राहिला.

माझी नोकरी महसूल खात्यात, जिल्ह्यातल्या निरनिराळ्या तालुक्यांत झाली. या नोकरीत माणूस कायदा शिकतो, साहेबांचा मूड ओळखायला शिकतो आणि कागद लावायला शिकतो. यातली तिसरी विद्या आज मोठ्या कंपन्यांना भारी वाटते. ‘नॉलेज मॅनेजमेंट’, ‘टॅक्सॉनॉमी’ असे शब्द वापरून त्यासाठी सल्लागार नेमले जातात. आमच्याकडे याला दप्तर लावणं म्हणत आणि ते काम सहसा सगळ्यात नव्या कारकुनाच्या गळ्यात पडे. त्यामुळे ते कसं शिकायचं, हे कुणी लिहून ठेवलं नाही. या लेखात त्याचाच मागोवा घेतो आहे.

सगळ्यात जुनी वर्गवारी गावांच्या नावांतच होती. जिल्ह्यात एकाच नावाची दोन-दोन, तीन-तीन गावं. मुक्ताईनगर तालुक्यात कुऱ्हा, शेजारच्या भुसावळ तालुक्यात कुऱ्हे. लोकांनी एकाला कुऱ्हा काकोडा म्हटलं आणि दुसऱ्याला, तिथल्या पानमळ्यांवरून, कुऱ्हे पानाचे. दप्तराने मात्र दुसऱ्यापुढे ‘प्र. न.’ लावलं, म्हणजे प्रगणे नशिराबाद. प्रगणे जाऊन दीडशेहून अधिक वर्षं झाली, पण सातबाऱ्यावर ते ‘प्र. न.’ अजून आहे. नव्या तलाठ्याला हे निरर्थक वाटतं. ते काढून टाकलं, की एका गावचा कागद दुसऱ्या गावच्या गठ्ठ्यात जातो, मग त्याला कळतं. बुद्रुक-खुर्दचंही तसंच. आता प्रत्येक गावाला सरकारी सांकेतांक आहे आणि संगणकाची त्यात सोय आहे. खिडकीशी आलेला माणूस मात्र सांकेतांक सांगत नाही, तो ‘पानाचे’ म्हणतो.

त्यानंतरची मोठी शिस्त इंग्रजी अमदानीतली. अँडरसन नावाच्या आय.सी.एस. अधिकाऱ्याचं मॅन्युअल महसुलात अजूनही प्रमाण मानतात. गावाच्या कारभाराबद्दल जे जे विचारलं जाऊ शकतं, ते त्याने गाव नमुन्यांत बसवलं. एकूण जमीन आणि आकार किती, तर नमुना 1. हक्क कसा बदलला, तर नमुना 6, फेरफार. आज हक्क कुणाचा, तर 7. एका खातेदाराचं सगळं मिळून किती, तर 8अ. पीक काय, तर 12. सातबारा म्हणजे 7 आणि 12 एका कागदावर. या रचनेचं मला आजही कौतुक वाटतं, कारण तिच्यात प्रत्येक नमुना एकाच प्रश्नाचं उत्तर देतो. जमीन हा विषय घेऊन त्याच्या फांद्या पाडत बसले असते, तर तलाठी त्या झाडावरून खाली उतरलाच नसता.

पण याच रचनेत पुढे एक खोड शिरली. जुन्या काळी गाव नमुना 14 म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद, लोकांच्या भाषेत कोतवाल बुक. आजच्या नमुन्यांत 14 नंबरला गावच्या पाणीपुरवठ्याच्या साधनांची माहिती आहे. नंबर रिकामा झाला म्हणून दुसऱ्याला दिला! आजोबांच्या जन्माचा दाखला हवा असलेला माणूस ‘चौदा नंबर’ मागतो आणि नव्याने लागलेला पोरगा त्याच्यापुढे विहिरींची यादी ठेवतो. वर्गवारीतला एखादा कप्पा बंद झाला, तर त्याचा नंबरही कायमचा बंद करावा, हा धडा मी इथे घेतला. जमिनींच्या बाबतीत तेवढी काळजी घेतली गेली. 1947 च्या कायद्याखाली एकत्रीकरण झालं तेव्हा सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, पण कोणत्या सर्व्हेचा कोणता गट झाला याचा तक्ताही बनला. पुढे हतनूरच्या पाण्यासाठी तापी-पूर्णेकाठच्या जमिनी गेल्या. कुणाची किती गेली हे ज्याला जुन्या कागदावरून लावायचं असतं, त्याला तो तक्ता सातबाऱ्याइतकाच लागतो.

आता कार्यालयाच्या आतली गोष्ट. महाराष्ट्रातल्या सरकारी टेबलाला सहा गठ्ठ्यांची पद्धत शिकवली जाते. चालू प्रकरणं, प्रतीक्षाधीन प्रकरणं, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणं आणि नष्ट करायची प्रकरणं. कागद कुठल्या विषयाचा हे यात कुणी विचारत नाही. त्याचं पुढे काय करायचं आहे एवढंच विचारलं जातं. अभिलेख कक्षात पोचल्यावर दुसरी वर्गवारी लागते. अ म्हणजे कायम, ब तीस वर्षं, क दहा, क-1 पाच आणि ड एक वर्ष. तिथेही विषय नाही, फक्त आयुष्य. शिकाऊ कारकून इथेच घोटाळतो. तो एकाच कपाटात एका खणाला ‘जमीन’, दुसऱ्याला ‘तातडीचे’, तिसऱ्याला ‘2009’ आणि चौथ्याला ‘साहेबांकडचे’ अशा चिठ्ठ्या लावतो. मग 2009 मधलं, जमिनीचं, तातडीचं आणि साहेबांकडचं प्रकरण कुठे शोधायचं? चारही खणांत.

अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला कार्यालयाची मांडणी आणि कागदांची शिस्त बदलून दाखवली. ‘लखीना पॅटर्न’ हे नाव राज्यभर झालं, बाहेरून लोक बघायला आले. 2017 मध्ये पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी ‘झिरो पेंडन्सी’ची मोहीम काढली, तिचीही सुरुवात गठ्ठे सोडून लावण्यापासून होती. मधल्या पस्तीस वर्षांत तेच काम पुन्हा का करावं लागलं, याचं माझं उत्तर साधं आहे. मोहिमेत कागद लावले जातात. मोहीम संपल्यावर रोज लावण्याचं काम कुणाच्याच नावावर नसतं.

विषयाचं काय करायचं, हे मला रस्त्याच्या केसेसनी शिकवलं. केळी कापणीला आली की घड शेतातून बाहेर काढायला वाट लागते आणि भाऊबंदकी नेमकी तेव्हाच उफाळते. शेतकरी येतो आणि ‘भाऊ, मना रस्ताना केसनं काय झालं?’ एवढंच विचारतो. पण रस्ता दोन कायद्यांत विभागलेला आहे. असलेली वहिवाट कुणी अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5. रस्ताच नाही, बांधावरून नवा हवा, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966, कलम 143. फायली कायद्याप्रमाणे लावल्या की कार्यालयाची सोय होते, पण त्या माणसाला आपला अर्ज कुठल्या कलमात गेला हे ठाऊक नसतं. त्यातून त्याने अर्जाच्या वर ‘तक्रार’ लिहिलं असेल, तर फाईल तक्रारींच्या गठ्ठ्यात जाऊन बसते. फायली हलवायची गरज नव्हती. नोंदवहीत एक रकाना वाढवला आणि त्यात लोकांचा शब्द लिहायला लागलो: रस्ता, वाटणी, वारस, बांध. फाईल कायद्याच्या जागी, शोध लोकांच्या शब्दावर.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नव्हतं, हे पुढे ग्रंथालयशास्त्राचं एक पुस्तक हाती आल्यावर कळलं. शि. रा. रंगनाथन यांनी 1933 मध्ये द्विबिंदू वर्गीकरण मांडलं. विषयाला एकाच फांदीवर न टांगता त्याचे पैलू सुटे करायचे आणि गरजेप्रमाणे जोडायचे, ही त्यांची रीत. लंडनच्या एका दुकानात मेकॅनोचं खेळणं बघून त्यांना ती सुचली म्हणतात. आज जुन्या सरकारी अभिलेखांच्या स्कॅन प्रती ऑनलाइन शोधताना जिल्हा, तालुका, गाव, अभिलेखाचा प्रकार आणि गट नंबर एकेक निवडावा लागतो, ती रंगनाथनांचीच रीत आहे.

संगणकाने शिस्त आपोआप येईल असं आम्हाला वाटलं होतं. डिजिटल सहीचा सातबारा 1 मे 2018 ला आला आणि लोकांची खेप खरंच वाचली. पण कार्यालयातल्या संगणकाच्या पडद्यावर ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर 2’, ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ अशी वस्ती वाढली. लाल फडक्यातला गठ्ठा निदान जागा अडवतो म्हणून डोळ्यांत खुपतो. पडद्यावरचा पसारा खुपतही नाही.

15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी आली, शेतकरी स्वतःच मोबाइलवर पीक नोंदवू लागला. हे फार चांगलं झालं. पण पीक यादीतूनच निवडायचं असतं, आणि यादी व बांध यांची भाषा वेगळी. मुक्ताईनगर-रावेर-यावलच्या पट्ट्यात ‘केळी’ असं नुसतं कुणी म्हणत नाही. जूनमध्ये लावली तर मृगबाग, पावसाळ्याच्या शेवटी लावली तर कांदेबाग. पहिलं पीक नवती, त्याच्या पिलांवर धरलेलं पिलबाग, आणि व्यापाऱ्याने नाकारलेल्या मालाला वापसी. भावसुद्धा याच कप्प्यांत फुटतात. ही वर्गवारी कुठल्याही सल्लागाराने बनवलेली नाही, रोजच्या पैशाच्या व्यवहाराने बनवली आहे, म्हणून ती चुकत नाही. फळपीक विम्याला मात्र वेगळं हवं असतं: बाग कुठल्या महसूल मंडळात आहे, त्या मंडळात पारा किती खाली-वर गेला, वारा किती सुटला. दोन्ही वर्गवाऱ्या आपापल्या जागी बरोबर आहेत. जळगाव केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आता ठिकठिकाणी शेतकरी उत्पादक कंपन्या उभ्या राहतात. त्यांनी आपल्या नोंदी ठेवताना दोन्ही रकाने ठेवावेत. नवती-पिलबाग काढून नुसतं ‘केळी, ग्रेड ए’ लिहिलं, तर पुढच्या वर्षी भावाचा अंदाज बांधायला हाती काही उरणार नाही.

आपण लावलेलं दप्तर कोणत्या प्रश्नाला सामोरं जाईल, हे आधी सांगता येत नाही, याचा मोठा अनुभव राज्याने 2023 मध्ये घेतला. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली. आधी मराठवाड्यापुरती, मग काम राज्यभर पसरलं. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, हक्क नोंदपत्रक, कोतवाल बुक, शाळांच्या प्रवेश-निर्गम नोंदवह्या, सगळं बाहेर निघालं. हे कागद गाव, वर्ष आणि नंबर यांवर लावलेले. प्रश्न मात्र जातीच्या रकान्यातला. त्या रकान्याची सूची कुणीच कधी केलेली नव्हती. मग पान अन् पान उलटणं आलं, मोडी वाचणारे शोधणं आलं. ज्या तहसिलांत निदान गाव आणि वर्ष धड लागलेलं असतं, तिथे असं काम दिवसांत होतं. जिथे रुमाल सुटून कागद एकमेकांत मिसळलेले असतात, तिथे पान कुठल्या गावचं हे ठरवण्यातच महिने जातात.

माहितीच्या अधिकाराचा कायदा 2005 चा. त्याच्या चौथ्या कलमाचं पहिलंच वाक्य अभिलेख रीतसर सूची आणि निर्देशांक करून ठेवण्याबद्दल आहे. त्याच कलमातल्या सतरा मुद्द्यांची पाटी बऱ्याच कार्यालयांच्या भिंतीवर दिसते, अभिलेखांची सूची क्वचितच दिसते. पुढच्या वेळी तहसीलमध्ये, नगरपंचायतीत किंवा गावच्या सोसायटीत गेलात, तर ती सूची बघायला मागा. ती बघताना आपण घरी ज्या शब्दाने विचारतो तो शब्द तिच्यात आहे का, तेही तपासा, आणि नसेल तर तसं लिहून द्या.