पिल्लू परत केलं, पैशांचं काय?

पंधरा-वीस हजारांचं लॅब्राडोरचं पिल्लू घरी येतं, चौथ्या दिवशी उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू होतात. डॉक्टर पार्व्हो या संसर्गजन्य आजाराची चाचणी करतात, पट्टीवर दोन रेघा, म्हणजे लागण झालेली. पिल्लू परत घ्यायला ब्रीडर तयार असतो, पण पैसे मागितले की म्हणतो, “तुमच्या घरीच लागण झाली.”

इथे तारखांना महत्त्व आहे. पार्व्होची लक्षणं लागण झाल्यावर साधारण तीन ते सात दिवसांनी दिसतात. म्हणजे दुसऱ्याच दिवशी आजारी पडलेलं पिल्लू बहुधा आजार घेऊनच आलेलं असतं. पंधरवड्यानंतर हाच दावा लंगडा पडतो. म्हणून घरी आणल्यावर चोवीस तासांत तपासणी करून डॉक्टरांकडून तारखेसह लेखी घ्यावं.

२०१७ च्या श्वान-प्रजनन नियमांनुसार ब्रीडरची नोंदणी हवी आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. प्रत्यक्षात पाच आठवड्यांची पिल्लं सर्रास विकली जातात, आणि लसीच्या कार्डावर नुसतं स्टिकर असतं. ना सही, ना शिक्का.

पिल्लू परत देताना ‘मिळालं, इतके रुपये देणे बाकी’ एवढं व्हॉट्सअ‍ॅपवर तरी लिहून घ्या. पिल्लू हातचं गेलं की मोठा पुरावाही जातो. मात्र निव्वळ मन बदललं, घरमालक नको म्हणाला, तर पैसे ठरलेल्या अटींवरच मिळतात. ‘टोकन परत नाही’ ही ओळ आधीच वाचलेली बरी.

ब्रीडर दाद देत नसेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा, नंतर जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.