अपोहनाची ‘गाळणी’ : कार्यक्षमता व निर्धोकता यांचा तौलनिक विचार

मुळशी तालुक्याचे स्वरूप दुहेरी आहे. पूर्वेकडील हिंजवडी, भूगाव, पिरंगुट ही गावे पुणे शहरास जवळजवळ येऊन मिळाली आहेत. पश्चिमेस धरणाचा विस्तीर्ण जलाशय व ताम्हिणीचा घाट आहे. या पश्चिम भागातील एखाद्या गृहस्थाची मूत्रपिंडे निकामी झाली म्हणजे आठवड्यातून दोन-तीन वेळा त्यास शहराच्या दिशेने प्रवास करावा लागतो. प्रत्येक उपचारास सुमारे चार तास लागतात. अशा कुटुंबापुढे लवकरच एक प्रश्न उभा राहतो : साधी गाळणी पुरेल, की पदरचे पैसे घालून अधिक किमतीची घ्यावी? या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी ‘गाळणी’ हा शब्दच तपासून पाहणे अगत्याचे आहे.

चहाची गाळणी चोथा अडविते व द्रव सोडते. रक्ताच्या बाबतीत घडते ते याहून वेगळे. पातळ पटलाच्या एका बाजूने रक्त व दुसऱ्या बाजूने क्षारयुक्त द्रव विरुद्ध दिशांनी वाहत असतात. रक्तातील युरियासारखे लहान रेणू, जेथे त्यांचे प्रमाण अधिक तेथून कमी असेल तेथे, आपोआप सरकतात. या क्रियेस विसरण म्हणतात. जादा पाणी मात्र दाबाच्या योगाने खरोखरच गाळले जाते. ‘अपोहन’ या संस्कृत शब्दाचा अर्थ दूर सारणे असा असल्याने तो या क्रियेस अधिक जुळतो. ‘गाळणी’ या शब्दाने सर्व श्रेय पटलाच्या छिद्रांस मिळते; रक्ताचा वेग, द्रवाची शुद्धता आणि काळ हे तीन घटक दृष्टीआड होतात.

इंग्लंडमधील रसायनज्ञ टॉमस ग्रॅहॅम याने १८६१ मध्ये चर्मपत्री कागदाच्या साहाय्याने या क्रियेचे विवेचन केले. १९२४ मध्ये जर्मनीत गेओर्ग हास याने मनुष्यावर अपोहनाचा पहिला प्रयोग केला. १९४३ मध्ये हॉलंडमधील कांपेन येथे विलेम कोल्फ याने फिरत्या पिंपाभोवती सेलोफेनची नळी गुंडाळून कृत्रिम मूत्रपिंड सिद्ध केले आणि १९४५ मध्ये त्याच्या उपचाराने एका बेशुद्ध स्त्रीचे प्राण वाचले. आजच्या नळकांड्यात केसासारखे बारीक, पोकळ असे सुमारे दहा हजार तंतू असतात. प्रत्येकाचा आतील व्यास सुमारे ०·२ मिलिमीटर असतो. तंतूंची लांबी पाव मीटर धरली तर पटलाचे एकूण क्षेत्रफळ दीड चौरस मीटरहून थोडे अधिक भरते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतही प्रा. जयेश बेल्लारे यांच्या मार्गदर्शनाखाली अशा तंतूंवर संशोधन झाले आहे.

गाळण्यांची तुलना प्रथम त्या काय काढून टाकतात यावरून करतात. युरियाचा रेणुभार ६० व क्रिएटिनिनचा ११३ आहे. हे रेणू कोणत्याही चांगल्या पटलातून सहज पार होतात. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन या प्रथिनाचा रेणुभार सुमारे ११,८०० आहे. दीर्घकाळ अपोहन घेणाऱ्यांच्या सांध्यांत हे प्रथिन साचते व मनगटे आणि खांदे दुखू लागतात. ते काढण्यास मोठ्या छिद्रांचे, म्हणजे उच्च-प्रवाही पटल लागते. मात्र सुमारे ६६,००० रेणुभाराचे अल्ब्युमिन शरीरास आवश्यक असल्याने ते निसटू देऊन चालत नाही. मोठी छिद्रे निरपवादपणे चांगली असे म्हणता येत नाही, ते याचमुळे.

परंतु पटलाच्या गुणांची प्रत्यक्ष किंमत किती? समजा, एका गाळणीची युरियाविषयक क्षमता मिनिटास ८०० मिलिलिटर व दुसरीची १,००० आहे. म्हणजे दुसरी २५ टक्क्यांनी सरस. रक्ताचा प्रवाह मिनिटास २५० व द्रवाचा ५०० मिलिलिटर असेल, तर सर्वमान्य सूत्राप्रमाणे पहिली मिनिटास सुमारे २२२ मिलिलिटर रक्त युरियामुक्त करते व दुसरी २३२. अंतर पाच टक्क्यांहूनही कमी उरते. आता दुसरी गाळणी वापरणारा रुग्ण परतीची गाडी चुकेल या भीतीने अर्धा तास आधी उठला, तर साडेतीन तासांत त्याचे सुमारे ४९ लिटर रक्त शुद्ध होते. पहिली गाळणी वापरून पूर्ण चार तास बसलेल्याचे ५३ लिटर. महागड्या गाळणीने मिळविलेले अर्ध्या तासाने घालविले, आणि वर तूटही आली.

रुग्णांवरील मोठ्या चाचण्यांचे निष्कर्षही संयमाने वाचावयास हवेत. अमेरिकेत १,८४६ रुग्णांवर झालेल्या व २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत उच्च-प्रवाही पटलामुळे एकूण मृत्युप्रमाणात निर्णायक घट आढळली नाही. २००९ च्या युरोपीय चाचणीत ज्यांच्या रक्तातील अल्ब्युमिन कमी होते अशा रुग्णांना लाभ दिसला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,३६० रुग्णांच्या चाचणीत, विसरणास मोठ्या प्रमाणावरील खऱ्याखुऱ्या गाळणीची जोड दिल्यावर मृत्यूचा धोका २३ टक्क्यांनी घटला. परंतु या पद्धतीस अतिशुद्ध द्रव लागतो.

येथून निर्धोकतेचा विचार सुरू होतो. जुन्या, असंस्कारित सेल्युलोजच्या पटलांमुळे रक्तातील संरक्षक यंत्रणा उगाच चाळवली जाई. पॉलिसल्फोनसारख्या कृत्रिम द्रव्यांत हा दोष बराच कमी आहे. इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक केलेल्या गाळण्यांमुळे काहींना तीव्र वावडे येते. वाफ किंवा गॅमा किरण वापरल्यास तो धोका टळतो. २००१ मध्ये स्पेन व क्रोएशिया यांसह अनेक देशांत पन्नासाहून अधिक रुग्ण दगावले. तंतूंची गळती तपासण्यासाठी कारखान्यात वापरलेला द्रव काही गाळण्यांत शिल्लक राहिला होता. गाळणी धुऊन पुन्हा वापरावयाची झाल्यास तंतूंचे आकारमान मूळच्या ८० टक्क्यांखाली गेल्यावर ती टाकून द्यावी, धुण्याचे रसायन पूर्णपणे निघाल्याची खातरजमा करावी आणि एकाची गाळणी दुसऱ्यास कदापि लावू नये, असे दंडक आहेत.

सर्वांत दुर्लक्षित राहते ते पाणी. मिनिटास ५०० मिलिलिटर या हिशेबाने चार तासांत १२० लिटर द्रव रुग्णाच्या रक्तापासून केवळ एका पटलाच्या अंतरावरून वाहतो. १९९६ मध्ये ब्राझीलमधील कारुआरू येथे जलाशयातील शेवाळसदृश जंतूंचे विष अपोहनाच्या पाण्यात उतरले व पन्नासच्या आसपास रुग्ण मृत्युमुखी पडले. उच्च-प्रवाही पटलातून द्रवाचा काही अंश उलट रक्तात शिरू शकतो. म्हणून पाणी सदोष असेल तेथे सरस गाळणीच अधिक घातक ठरण्याचा संभव असतो. ज्या तालुक्याची ओळखच धरणाच्या पाण्याने होते, तेथील रुग्णास हे पिण्याच्या पाण्याच्या नियमांनी उमगणार नाही. पिण्यास योग्य ते पाणी अपोहनास योग्य असतेच असे नाही. त्यातील क्लोरिनची संयुगेही रक्तास अपायकारक असतात.

तेव्हा रुग्णाच्या आप्तांनी गाळणीच्या नावापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात : पाण्याची तपासणी केव्हा झाली, गाळणी कितव्यांदा वापरली जात आहे, रक्ताचा प्रवाह किती मिळतो, आणि पूर्ण वेळ भरतो काय. २०१६ मध्ये घोषित झालेल्या पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाने गरीब रुग्णांस जिल्हा रुग्णालयांत विनामूल्य उपचाराची तरतूद केली आहे. परंतु धरणाकाठच्या गावचा रुग्ण परतीच्या गाडीकडे डोळे लावून अर्धा तास आधी उठत असेल, तर त्याच्या उपचारातील उणीव गाळणीत नसून रस्त्यावर आहे. तिची भरपाई कोणत्याही पटलाने होणार नाही.