करड्या राघूचे दुसरे बिऱ्हाड

पोपट म्हटला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे हिरवा पिसारा, लाल चोच, गळ्याभोवतीचा कंठ आणि पुढ्यातली मिरची किंवा पेरूची फोड उभी राहते. आणि अर्थ न उमगता केलेल्या पाठांतराला आपण पिढ्यान्‌पिढ्या ‘पोपटपंची’ म्हणत आल्यामुळे, या पक्ष्याच्या बोलण्यामागे काही आशय असेल अशी शंकाही आपल्या मनाला सहसा शिवत नाही. मीही याच समजुतीत वाढलो. परंतु दोन वर्षांपूर्वी, पतिनिधनानंतर लेकीकडे राहावयास निघालेल्या एका वृद्ध बाईंचा आफ्रिकी करडा पोपट आमच्या पुण्याच्या घरी मुक्कामास आला, आणि त्याच्या सहवासात ही समजूत मला कायमची टाकून द्यावी लागली.

ज्याला इंग्रजी नावानेच आपल्याकडे ‘आफ्रिकन ग्रे’ म्हणतात, तो हा पक्षी घाना-कॅमेरूनपासून काँगो-युगांडापर्यंत पसरलेल्या वर्षारण्यांचा रहिवासी. लिनीयसने १७५८ साली त्याला ‘सिटॅकस एरिथाकस’ हे शास्त्रीय नाव दिले. लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर, वजन ४०० ते ५०० ग्रॅम. चुलीतल्या राखेसारखे अंग, प्रत्येक पिसाला फिकट कड असल्यामुळे मानेवर खवल्यांचा भास, काळी बाकदार चोच, आणि या सगळ्या विरक्त रंगसंगतीला छेद देणारी कुंकवासारखी लाल शेपूट. पिलाचे डोळे काळसर असतात; वयात येता येता ते गवताच्या काडीसारखे पिवळे होतात. हा पक्षी एकटा राहणारा नव्हे: जोडीदाराशी तो दीर्घकाळ एकनिष्ठ असतो आणि संध्याकाळी शेकडोंच्या थव्याने ठरावीक झाडांवर वस्तीला येतो. घरात पाळलेल्या करड्या पोपटाच्या बहुतेक दुखण्यांचे मूळ या एका गोष्टीत आहे. कारण त्याला थवा लागतो, आणि पिंजऱ्यात त्याचा थवा म्हणजे घरातली दोन-चार माणसेच.

या संघप्रियतेनेच त्याचा घात केला. वस्तीच्या झाडांवर चिकटद्रव लावून आणि आमिष म्हणून बांधलेल्या पक्ष्याच्या हाकेवर भुलवून पारध्यांनी थवेच्या थवे धरले, आणि घानामध्ये तर गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून त्याची संख्या ९० टक्क्यांहून अधिक घटल्याचे अभ्यासकांना आढळून आले. २०१६ साली जागतिक निसर्गसंवर्धन संघाने त्याची गणना संकटग्रस्त प्रजातींत केली. त्याच वर्षी जोहान्सबर्ग येथील परिषदेत वन्यजीव-व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात त्याचा समावेश झाला, आणि २ जानेवारी २०१७ पासून रानातून धरलेल्या पक्ष्याचा व्यापारी व्यवहार निषिद्ध ठरला. आपल्याकडे हिरवा देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे हाच मुळी गुन्हा आहे. परदेशी करड्या पोपटाच्या बाबतीत मात्र २०२२ च्या दुरुस्तीनंतरच्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये आणि २०२४ च्या नियमान्वये त्याचा ताबा, हस्तांतर, प्रजनन आणि मृत्यू या सर्वांची सरकारदरबारी नोंद आवश्यक आहे. म्हणून असा पक्षी घरी आणण्यापूर्वी पहिली चौकशी दस्तऐवजांची करावी, आणि ते नसतील तर भीड न बाळगता नकार द्यावा. कारण बिनकागदाच्या पक्ष्याची किंमत कोठल्या तरी रानातल्या थव्याने चुकती केलेली असू शकते.

त्याच्या बुद्धीविषयी जगाचे डोळे उघडले ते ॲलेक्स नावाच्या पोपटाने. हार्वर्डमधून सैद्धान्तिक रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळवलेल्या आयरीन पेपरबर्ग यांनी १९७७ साली शिकागोच्या एका दुकानातून साधारण वर्षाचा हा पक्षी विकत घेतला आणि पुढील तीस वर्षे त्याच्या अध्ययनास वाहून घेतले. त्यांची रीत अशी की पक्ष्याकडून घोकून घ्यायचे नाही. त्याच्यासमोर दोन माणसांनी एखाद्या वस्तूविषयी प्रश्नोत्तरे करावयाची, बरोबर उत्तर देणाऱ्याला तीच वस्तू बक्षीस मिळायची, आणि त्या दोघांचे पाहून पक्ष्यालाही संभाषणात भाग घ्यावासा वाटायचा. ६ सप्टेंबर २००७ रोजी ॲलेक्स वारला, तोवर तो सुमारे पन्नास वस्तू, सात रंग आणि पाच आकार ओळखून सांगत होता, सहापर्यंत मोजत होता, आणि दोन वस्तूंत फरक कोणता असे विचारता, फरक नसल्यास ‘काही नाही’ असे उत्तर देत होता. ज्या उत्तरासाठी प्रश्नाचा अर्थ कळावा लागतो, त्याला पोपटपंची कसे म्हणावे?

आमच्या घरी आलेला राघू – हे नाव जुन्या घरचेच, आणि पक्ष्याचे नाव बदलू नये – अठरा वर्षांचा होता. बाईंनी त्याला सोडले ते कंटाळून नव्हे. या जातीच्या पिसांतून पांढरी भुकटी सतत झडत असते, आणि लेकीच्या लहानशा सदनिकेत दम्याचा विकार असलेला नातू होता. यजमान गेल्यापासून राघूने छातीवरची पिसे उपटून काढली होती. आमच्याकडे आला तेव्हा गळ्याखालची गुलाबी, उघडी कातडी पाहून माझ्या पत्नीने तोंड फिरवले. पिसे उपटण्यामागे शोक, कंटाळा, भीती, अपुरी झोप, त्वचेचा विकार, यकृताचे दुखणे अशी अनेक कारणे असतात; म्हणून आपल्या मनाने निदान न करता प्रथम पक्ष्यांच्या जाणकार पशुवैद्याकडे जावे हा पहिला दंडक. आम्ही गेलो. रक्त तपासले, चोच व पिसांच्या विषाणूजन्य रोगाची आणि माणसालाही होऊ शकणाऱ्या सिटॅकोसिसची चाचणी झाली. घरात दुसरा पक्षी असता तर निदान महिनाभर ह्याला वेगळ्या खोलीत ठेवावे लागले असते.

तपासणीत कॅल्शियम कमी निघाले. करड्या पोपटाला हे दुखणे विशेष जडते, आणि दुर्लक्ष झाल्यास झटके येऊन तो दांडीवरून कोसळतो. त्याचे कारण बहुधा साधे असते: वर्षानुवर्षे निव्वळ सूर्यफुलाच्या बिया, आणि उन्हाचा अभाव. बिया त्याला प्रिय खऱ्या, पण त्यांत स्निग्धांश फार आणि अ जीवनसत्त्व व कॅल्शियम नगण्य. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन दिसायला ऊन असले, तरी ड जीवनसत्त्व घडवणारे किरण काच अडवून ठेवते. म्हणून रोज सकाळी अर्धा तास पिंजरा गॅलरीत, अर्धा सावलीत आणि अर्धा उन्हात, आणि आपण शेजारी, अशी तजवीज आम्ही ठेवली. आहार मात्र एका रात्रीत पालटता येत नाही. अनोळखी अन्न अन्नच नव्हे असे मानून हा पक्षी उपाशी राहू शकतो. दाणेदार तयार खाद्य थोडे थोडे वाढवीत, त्यासोबत शेवग्याचा पाला, किसलेले गाजर, उकडलेले रताळे, लाल भोपळा, मोड आलेले मूग, डाळिंब असे आम्ही त्याच्यासमोर स्वतः खात खात ठेवत गेलो. आणि थव्यातला सोबती खातो ते खावे या न्यायाने तोही हळूहळू खाऊ लागला. मिरची त्याला तिखट लागतच नाही. तिचा दाह जाणण्याची शक्ती पक्ष्यांत नसल्यामुळे ती जुनी चित्रातली मिरची अगदी रास्त आहे. ॲव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा आणि खारट पदार्थ मात्र वर्ज्य.

घरातले धोके त्याहून सूक्ष्म. पक्ष्याची श्वसनसंस्था फार कार्यक्षम, म्हणूनच फार नाजूक; अतितप्त झालेल्या नॉनस्टिक तव्याचा वास न येणारा धूरही काही मिनिटांत त्याचा प्राण घेतो. आमच्याकडून तवे गेले, उदबत्ती आणि डासांची कॉइल बंद झाली, आणि राघू बाहेर असताना छताचा पंखा लावायचा नाही हा हुकूम घरात कायम झाला. पिंजरा पंख पूर्ण पसरून फडफडवता येतील एवढा ऐसपैस, एक बाजू भिंतीला लागून, गजांतले अंतर दोन-अडीच सेंटिमीटर, जस्ताचा मुलामा नसलेला. आणि दांड्या गुळगुळीत लाकडाच्या नव्हेत, तर कमी-अधिक जाडीच्या पेरूच्या फांद्यांच्या. रोज दहा-बारा तासांची अंधारी, निवांत झोप. दर सकाळी खाण्यापूर्वी ग्रॅमच्या काट्यावर वजन. कारण रानात आजारी दिसणे म्हणजे शिकाऱ्याला आमंत्रण, त्यामुळे हा पक्षी दुखणे अखेरपर्यंत लपवतो, आणि काटा ते आधी सांगतो. रानात ज्याचा दिवस उडण्यात आणि अन्न शोधण्यात सरतो, त्याच्यापुढे भरलेली वाटी ठेवली की उरलेला दिवस त्याने काय करावे? म्हणून आम्ही अक्रोडाचे तुकडे कागदात गुंडाळून, वाळल्या शहाळ्याच्या सोडणात दडवून ठेवू लागलो, आणि ती काढण्यात गुंतलेली चोच आपल्याच छातीकडे कमी वळू लागली.

विश्वासाचे प्रकरण मात्र घाईने उरकण्यासारखे नव्हते. पहिले तीन आठवडे मी पिंजऱ्यात हात घातला नाही. दोन हातांवर खुर्ची टाकून, त्याच्याकडे रोखून न पाहता, मी वर्तमानपत्र मोठ्याने वाचत बसे. उठताना अक्रोडाचा एक तुकडा वाटीत टाकी. मान ताठ, पिसे अंगाला चिकटलेली, म्हणजे भीती. बाहुल्या भराभर लहान-मोठ्या होऊ लागल्या म्हणजे मन क्षुब्ध. अंग फुलवून शेपूट झटकली म्हणजे समाधान, हे सगळे मी तेव्हा शिकलो. चावा हेही एक वाक्य आहे, आणि आधीची सौम्य वाक्ये आपण वाचली नाहीत म्हणून ते उच्चारले जाते. तेव्हा रागावण्याऐवजी हात मागे घ्यावा. पाचव्या आठवड्यात त्याने दांडीवरून पुढे झुकून माझ्या तर्जनीला चोच लावली, ती फांदी पेलेल का याची परीक्षा घ्यावी तशी दाबून पाहिली, आणि मग एक पाय, थांबून दुसरा, असा तो बोटावर आला. त्याचे तळवे उबदार आणि कोरडे होते.

तरीही रोज रात्री आठ वाजता एक गोष्ट घडे. त्या बाईंच्या कापऱ्या आवाजात राघू विचारी, “अहो, औषध घेतलंत का?” आणि मान तिरकी करून थांबे. आम्ही कौतुकाने हसत असू, त्याचे नाव घेत असू, आणि तो पुन्हा विचारी, पुन्हा थांबे. शेवटी पाठ फिरवून छातीचे पीस ओढी. दोन महिन्यांनी बाईंचा फोन आला तेव्हा मी सहज हे सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या, “हे म्हणायचे, ‘घेतलं गं.’ रोज. तेवढं म्हटलं की तो झोपायचा.”

त्या रात्री मी ते दोन शब्द म्हटले. राघूने पिसे फुलवली, शेपूट झटकली, एक पाय पोटाशी ओढून घेतला आणि डोळे मिटले.

लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये रिचमंडच्या डचेस फ्रान्सेस स्टुअर्ट यांच्या मेणाच्या पुतळ्याबरोबर त्यांचा पेंढा भरलेला करडा पोपट आजही जतन केलेला आहे; चाळीस वर्षे सोबत केल्यानंतर १७०२ साली डचेस वारल्या आणि त्यांच्या मागोमाग तोही गेला, असे सांगतात. सगळ्यांच्या नशिबी असे मागोमाग जाणे नसते. योग्य निगा राखल्यास हा पक्षी चाळीस ते साठ वर्षे जगतो, आणि पन्नाशीत त्याला घरी आणणाऱ्याने त्याचे तिसरे बिऱ्हाड कोठे होणार याचा विचार त्याच दिवशी करून ठेवला पाहिजे. राघूच्या छातीवर आता विरळ करडी पिसे आली आहेत. जेथे मुळेच नष्ट झाली, तो रुपयाएवढा भाग उघडाच राहील, असे वैद्यांनी सांगितले आहे. माझे वय चौसष्ट, त्याचे वीस. माझ्या भाचीने त्याचा सांभाळ पत्करला आहे, आणि दर रविवारी ती येऊन त्याच्याशेजारी बसते. तिच्यासाठी मी एक वही केली आहे: नोंदणीचा कागद, वैद्याचा पत्ता, दर सकाळचे वजन, काय द्यावे, काय देऊ नये. पण पहिल्या पानावर यांपैकी काहीच नाही. तेथे एवढेच लिहिले आहे की रात्री आठ वाजता तो औषधाचे विचारील, तेव्हा हातातले काम थांबवून, त्याच्याकडे पाहून, ‘घेतलं गं’ असे म्हणावे.