डोकेदुखीआडचा पक्षाघात

पक्षाघात म्हटला की वाकडे झालेले तोंड, लुळा पडलेला हात, जड झालेली जीभ डोळ्यांसमोर येते. बहुतेकदा मेंदूकडे रक्त नेणारी धमनी बंद पडलेली किंवा फुटलेली असते. शंभरातल्या जेमतेम एखाद्या रुग्णात मात्र गुठळी परतीच्या वाटेवर, म्हणजे मेंदूतून रक्त बाहेर आणणाऱ्या शिरेत होते. हा सेरेब्रल व्हीनस थ्रॉम्बोसिस, थोडक्यात सीव्हीटी. मोरी तुंबली की पाणी घरातच साचते, तसे रक्त मागे साचते. मेंदूला सूज येते, कधी रक्तस्रावही होतो.

दाब बहुधा हळूहळू वाढतो, म्हणून हे दुखणे फसवते. दहांपैकी सुमारे नऊ रुग्णांचे डोके दुखते. अनेकांना आडवे झाल्यावर, खोकताना किंवा वाकताना जास्त ठणकते. मग उलट्या, अंधूक किंवा दोन-दोन दिसणे, आकडी. तोवर घरी 'पित्त झालंय' म्हणत चार दिवस गेलेले असतात.

रुग्ण बहुधा तरुण असतो. बाळंतिणीला धोका अधिक. त्यात तिचे पाणी तोडले तर रक्त आणखी घट्ट होते. गर्भनिरोधक गोळ्या, कानाचा जंतुसंसर्ग आणि कर्करोग हीही कारणे. फ्रान्समध्ये 1825 साली डॉक्टर रिब यांनी नोंदवलेला पहिला रुग्ण कर्करोगाचाच होता. खारघरला टाटा स्मारक केंद्राचे अॅक्ट्रेक हे कर्करोग रुग्णालय आहे, त्यामुळे उपचारांसाठी येथे राहणाऱ्या कुटुंबांनी हे जाणून घ्यावे. रक्ताच्या कर्करोगावरील एल-अॅस्परॅजिनेज या औषधाने गुठळी रोखणारी प्रथिने घटतात. ते चालू असताना डोके दुखू लागले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

निदानात खरी मेख अशी, की साधा सीटी स्कॅन अनेकदा नॉर्मल येतो. शिरा दाखवणारी एमआर किंवा सीटी व्हेनोग्राफीच लागते. डोळ्यांच्या तपासणीत नेत्रनाडीची सूज दिसली, तर संशय बळावतो.

निदान झाले की गुठळी रोखणारे हेपारिन हे औषध सुरू करतात, मेंदूत थोडा रक्तस्राव असला तरी. 1991 साली जर्मनीत 20 रुग्णांवर झालेल्या चाचणीतून त्याचा फायदा दिसला. वेळेत उपचार मिळाले, तर बहुतेक रुग्ण बरे होतात.

म्हणून कॅज्युअल्टीत नुसते 'डोके दुखते' म्हणून थांबू नका. बाळंतपण कधी झाले, कोणत्या गोळ्या चालू आहेत, पाळी पुढे ढकलण्याची गोळी घेतली का, केमो सुरू आहे का, सगळे सांगा. आणि नि:संकोच विचारा: 'डॉक्टर, शिरांची तपासणी करायला हवी का?'